लाल चिंधी

पेठ रोडवरच्या खंडेरावांच्या वखारीत नवसाबाई झाडलोटीला लागली, असं सगळे म्हणत. म्हणोत बापडे. करवतीखालून जे जे पडायचं, त्याची खरी मालकीण तीच होती. वीतभर तुकडे ती पोळपाट-लाटणी करणाऱ्याला द्यायची, ढलप्या लग्नाच्या आचाऱ्याला, साली बंबाला. खंडेराव कौतुकाने म्हणायचे, "या बाईच्या हातून काडी सुटत नाही." कौतुक फुकट असतं, त्यामुळे ते सढळ हाताने करायचे.

भुशाला मात्र ती कुणाला हात लावू द्यायची नाही. सागाचा भुसा शेगडीला. आंब्याचा वेगळा चाळायचा, त्यातली कुसळं वेचायची, दोन उन्हं द्यायची आणि मग पोत्यात भरायचा. तो गोठ्यांसाठी, जनावरांच्या अंगाखाली अंथरायला. त्या पोत्याच्या तोंडाला ती आपल्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. देवळाली कॅम्पच्या बाजूचे गोठेवाले वखारीत आले, की भुसा हातात घेऊन बघत नसत. चिंधी बघत आणि पोतं टेम्पोत टाकत. चोवीस वर्षांत एकाही पोत्याची तक्रार आली नाही. नवसाबाईला अक्षर येत नव्हतं; ती चिंधी हीच तिची सही होती.

खंडेराव गेले आणि त्यांचा महेश गल्ल्यावर बसला. त्याने किचनची कपाटं बनवायला घेतली, म्हणजे वखारीत प्लायवूड आलं, सनमायका आला. त्याचाही भुसा पडू लागला. तो गोंदाचा उग्र वासाचा भुसा कुणी घेईना. नवसाबाई तो वेगळा भरून कोपऱ्यात रचत गेली. भिंतीएवढी थप्पी झाली, तेव्हा महेश वैतागला.

"मावशी, हा कचरा कशाला साठवताय?"

"मग काय करू? हा शेगडीत चालत नाय, गोठ्यात तर नायच नाय. तू कमी काप. उरलेल्या पट्ट्यांचे खण कर, फळ्या कर. निम्मा भुसा पडणारच नाय."

सल्ला शहाणपणाचा होता, म्हणूनच कुणी ऐकला नाही. महेशने भुसा ओढून घेणारं मशीन आणलं. साग, आंबा, प्लायवूड, सगळं एकाच नळीतून एकाच पोत्यात. कोपऱ्यातली थप्पीही हळूहळू त्यातच जिरली. चाळायला काही उरलं नाही, तेव्हा चाळणारी तरी कशाला हवी? महेशने एक साडी दिली, पाया पडला आणि तिला घरी बसवलं.

निघताना तिच्या ट्रंकेत चिंध्यांचं गाठोडं निघालं. फाडून, घड्या घालून ठेवलेल्या शंभरेक तरी असतील. घरी नेऊन काय करणार? वाया जातील म्हणून तिच्या जिवाला चुटपुट लागली. जन्मभराची खोड. तिने ते गाठोडं महेशच्या टेबलावर ठेवलं.

"नुसत्या आंब्याच्या पोत्याला लाव हां. दुसऱ्याला नको."

महेशच्या कानाला फोन होता. त्याने मान डोलावली.

चार महिन्यांनी सकाळी सकाळी सिंधुबाई नवसाबाईच्या दारात उभी राहिली. भगूरकडे तिच्या चार म्हशी. वीस वर्षं ती वखारीतूनच भुसा न्यायची. रिक्षातून तिने अर्धं पोतं उतरवलं आणि नवसाबाईच्या पायाशी टाकलं.

"ही चिंधी तुझीच ना?"

नवसाबाईने चिंधी चाचपली. लुगड्याचा काठ ओळखीचा होता. "माझीच."

"माझ्या थोरल्या म्हशीच्या कासेत कपची घुसली. कास सुजून दगडी झाली. दोन सड गेले. डॉक्टरने भुशातून कपच्या काढून माझ्या हातावर ठेवल्या." सिंधुबाईचा आवाज चढला नव्हता. "तुझी चिंधी बघून घेतलं मी. आत हात बी घातला नाय."

मी तिथं नव्हतेच, असं नवसाबाई सांगू लागली. पण सिंधुबाई तोवर रिक्षात बसली होती.

नवसाबाई तशीच वखारीत गेली. दारातच पोत्यांची रांग होती आणि प्रत्येकाच्या तोंडाला लाल चिंधी. काही तिच्या लुगड्याच्या, बाकीच्या नव्याकोऱ्या, जास्तच लाल. महेशच्या मागे भिंतीवर कसल्याशा संस्थेचं मानपत्र लटकत होतं: कचरामुक्त उद्योग.

"मावशी, गिऱ्हाईक चिंधीच मागतं," महेश अगदी प्रेमाने म्हणाला. "तुमच्या संपत आल्या म्हणून कापड आणलं. आणि जनावरांसाठी आहे असं पोत्यावर कुठं लिहिलंय?"

तिला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. गाठोडं तिनेच दिलं होतं, आपल्या हाताने, वाया जाऊ नये म्हणून. वखारीत काही म्हणजे काही वाया गेलं नव्हतं. गोंदाचा भुसा खपला, चिंध्या खपल्या, तिचं नावही खपलं. टाकून दिली ती फक्त तीच.

घरी येऊन तिने ते अर्धं पोतं अंगणात ओतलं आणि चाळायला बसली. आंबा होता, साग होता, मधेच सनमायकाच्या नखाएवढ्या चकचकीत कपच्या. पिठासारखं बारीक प्लायवूड सगळ्याला चिकटलेलं. वेगळं निघेना. शेगडीत घालावं तर डोळे चुरचुरणार, झाडाच्या बुडाशी घालावं तर झाड जळणार. काहीच करता येणार नाही असा भुसा तिच्या हातात पहिल्यांदाच आला होता.

दुपारी तिने तो परत पोत्यात भरला. चिंधी बाजूला पडली होती, अजून चांगली होती, आणखी दहा पोती तरी बांधली गेली असती. सवयीने तिने तिची घडी घातली. मग उठली, आत गेली आणि ती चुलीत टाकली.