कापलेली सही

चित्रकलेच्या बाई संतापल्या की त्यांचा आवाज खाली येई. इतका, की ऐकायला पुढे वाकावं लागे. राहुरीच्या आमच्या हायस्कुलात सगळे त्यांना टरकून असत. मी तेव्हा तिथे गणित शिकवायचो, मीही.

शिक्षकांच्या खोलीत बाईंचं एक चित्र होतं. मुंबईला शिकत असताना जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाने खोदून त्यांनी ते छापलं होतं. काळी-राखी खोली, रिकामी खुर्ची, अर्धवट उघडं दार आणि पलीकडे कसलासा उजेड. पत्रा कलाशाळेने घासून दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला. उरली ही एकच प्रत. "दाराआड कोण आहे, बाई?" असं विचारलं की त्या म्हणत, "ठाऊक असतं तर चित्र कशाला काढलं असतं?"

दुष्काळाचं साल. शाळेत प्यायला पाणी नव्हतं, आणि हेडमास्तरांना घाई संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो लावायची! फोटोच्या चौकटीत मागे घालायला जाड कागद हवा होता. त्यांनी बाईंचं चित्र उतरवलं आणि मापात बसावं म्हणून शिपायाकडून चारी कडा कापून घेतल्या. खालच्या कडेला बाईंची सही होती. मी तिथेच पेपर तपासत बसलो होतो. मान वर केली नाही.

दुपारी बाई आल्या. शिपाई रडकुंडीला आला. "सायबांनी सांगितलं म्हून कापलं, बाई. मला काय ठावं, लई मोलाचं हाय ते?"

"काळा कागद तो," हेडमास्तर म्हणाले. "पोरी घाबरायच्या."

बाई माझ्याकडे वळल्या. अगदी हळू म्हणाल्या, "सर, तुम्ही इथेच होता ना?"

"नाही. माझा तास होता."

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

बाई स्टुलावर चढल्या, फोटो उतरवला, मागून आपलं चित्र ओढून काढलं आणि अध्यक्षांना टेबलावर पालथं टाकून निघून गेल्या. आठ दिवसांत त्यांची पाथर्डीला बदली झाली. शिक्षकांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. हेडमास्तरांना पुढे सत्काराची शाल मिळाली. ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं. पण अधिक राग माझाच येतो.

दोन वर्षांनी परीक्षेच्या कामाला पाथर्डीला गेलो, तेव्हा बाईंना गाठलं. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ते मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "तिथे बोलायचं होतं."

आणि वर्गात गेल्या. चहासुद्धा विचारला नाही. बरं केलं.