बापाने धरून ठेवलेला बेड

"मॅडम, पेशंट पैसे भरतो आहे ना? मग तुम्हाला काय त्रास आहे?" आमच्या ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांनी मलाच उलटं विचारलं.

मी अमरावतीच्या एका खासगी हॉस्पिटलात बिलिंग सांभाळते. कोरोनाची दुसरी लाट होती. गेटवर ॲम्ब्युलन्स उभ्या आणि आत एक बेड रिकामा नाही. पेशंट किती दिवस दाखल राहिला, त्याला आम्ही स्टे म्हणतो. स्टे लांबला की बिल फुगतं आणि बाहेरचा बाहेरच राहतो. वरूडकडच्या वानखडे काकांचा स्टे असाच लांबत चालला होता. त्यांचा ऑक्सिजन केव्हाच निघाला होता, जेवणही दणकून चाललं होतं. पण डॉक्टर राउंडला आले की छातीला हात लावून म्हणायचे, "दम लागते." त्या दिवसांत दम लागतो म्हणणाऱ्याला घरी पाठवायची कोणाची छाती होती?

साहेबांनीही असं झटकल्यावर शेवटी पीपीई किट चढवून मीच वॉर्डात गेले. काका उशीला टेकून मोबाइलवर ऐसपैस बोलत होते. "तू चिंता नोको करू, गोपाल. मी जागा सोडत नाई."

"कोणती जागा, काका?"

ते दचकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगा पॉझिटिव आला ना, मॅडम. घरीच हाय. उद्या त्याले दम लागला तं बेड कुठून आनू? मी उठलो का हा दुसऱ्याले जाईन."

"आणि हे रोजचं बिल?"

"लागू द्या. संत्र्याचे पैसे कोनासाठी हायेत?"

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसा हा माणूस स्वतःलाच बेडवर टाकून बसला होता.

"काका, तुम्ही उठलात तरी गोपालला हा बेड मिळणार नाही. बाहेर नंबर लागलेत."

"कावून नाई? बिल तं आमीच भरून राहिलो!"

मी तडक डॉक्टरांना गाठलं. ते भडकलेच. दुसऱ्या दिवशी सकाळचा डिस्चार्ज ठरला.

पण त्याच संध्याकाळी काकांना थंडी वाजून ताप भरला. कोरोना नव्हे, वॉर्डातलंच दुसरं इन्फेक्शन. आजारानं आणि स्टेरॉइडनं पोखरलेल्या शरीरात ते झपाट्यानं पसरलं. काका व्हेंटिलेटरवर गेले आणि परत आले नाहीत. माझा विश्वासच बसेना. काही दिवसांपूर्वीच माझ्याशी हुज्जत घालणारा धडधाकट माणूस!

काही दिवसांनी गोपाल काउंटरवर आला. चांगला चालत आला होता. त्याला बेड लागलाच नव्हता.

"मी रोज फोनवर सांगत होतो, मॅडम. 'मले गोळ्याईनच आराम पडला, बाबा, या घरी.' तं बाबा म्हनत, 'तुले का समजते?'"

मला रडूच आलं.

हॉस्पिटलात जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित, असं अजूनही लोकांना वाटतं. मी काउंटरवरून सांगत असते, डॉक्टर घरी जा म्हणाले की निघा. बिलिंगवाली बाई घरी जा म्हणते याचंच लोकांना नवल वाटतं.