दात बनवणारे मास्तर

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर तेवढं पोटात घाला, माझी शाळा चौथीतच सुटली.

मास्तर तयार दात चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात न्यायचे आणि त्यालाच म्हणायचे, "हसा बघू." पसंत पडला तर स्वतः हसायचे, नाहीतर पुन्हा भट्टी.

बुधवार पेठेत रेडिओच्या दुकानावर ती दातांची लॅब होती. मी झाडलोट करायचे. तेव्हा परदेशी निघालेली कॉम्प्युटरवाली मुलं-मुली आधी दात नीट करून घ्यायची, त्यामुळे काम रग्गड.

"तुमचं तोंड उघडायला कोणता डॉक्टर बोलवू?" मास्तर मला विचारायचे. मी पदर तोंडाला लावायचे.

एकदा सहा दातांचा धातूचा सांगाडा भट्टीतून काढून ताटलीत ठेवला होता. काळपट, मळकट. मी तारेच्या घासणीने तो लख्ख केला.

मास्तर जेवून आले. "बाई, रुखवतात मांडायचाय का?" मग खुर्ची ओढून समजावलं, "तो मळ नव्हता. धातू तापवला की त्यावर थर येतो, दाताची वरची चिनीमाती त्यालाच धरून बसते. नुसत्या चकचकीत धातूवरून तिचे टवके उडतात."

सांगाडा पुन्हा तापवण्यात वेळ गेला. दुपारचे दात संध्याकाळी झाले. तोवर ज्या मुलीचे ते दात होते, ती तात्पुरत्या दातांवरच विमानासाठी मुंबईला निघून गेली. तिच्या डॉक्टरांनी लॅबला पैसे द्यायचं नाकारलं.

"कोणी घासलं हे?" मालकांनी विचारलं. घरात कमावणारी मी एकटी. नोकरी गेलीच, असं वाटलं. मी पदर तोंडाला लावला.

"मी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही? वीस वर्षं काम करून?"

"कंटाळा आला होता."

त्यांच्या पगारातून अठराशे कापले गेले. मी दर महिन्याला शंभर द्यायला लागले. वाटलं, घेणार नाहीत. घेतले, तेही मोजून. "नाही घेतले तर जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालून झाडाल."

पुढे हात कापायला लागला म्हणून ते काम सोडून वारज्याला मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस दातांशी बोलत नाही.

शेवटचे तीन हप्ते घेऊन मी बसने वारज्याला गेले. सगळ्या दहाच्या नोटा. मास्तरांनी कापऱ्या बोटांनी मोजल्या आणि एक माझ्याकडे सरकवली. "एक जास्त आलीय."

"नाही आली," मी म्हणाले. "परत मोजा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग ती नोट उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं, या वेळी मोठ्याने. तिसावर थांबले.

"बरोबर. अठराशे फिटले."