पाचोऱ्याच्या दोन घागरी

नव्वदीतली गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी जायचं ठरवलं, तेव्हा मस्कतला येऊन मला सहा वर्षं झाली होती. दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होतो, तिथून निघालो तो 'दोनच वर्षांसाठी'. आखातात जाणारा प्रत्येकजण हेच सांगून निघतो. मायला मी पत्रातून परतीचं साल कळवायचो आणि पुढच्या पत्रात ते पुढं ढकलायचो. आता बायको-मुलं माझ्याकडे आली होती, मुलं शाळेत रमली होती. आम्ही परत येणार नाही, एवढंच मायला सांगायचं होतं. लिहायची छाती होईना म्हणून तिकीट काढलं.

उन्हाळ्यात जाणार असाल तर पाचोऱ्याला सकाळी पोचणारी गाडी धरा. मस्कतचा उन्हाळा पचवलेला माणूस म्हणून मी ऐटीत होतो, गावाकडच्या एस.टी.च्या तापलेल्या सीटवर बसलो आणि ऐट उतरली. स्टँडबाहेरची भजी मात्र खाच, दोन रुपयांत पोट भरलं.

मायनं पाचोऱ्याहून दोन घागरी आणायला कळवलं होतं. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, वर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे खरबूज. अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा मला रजा मिळाली नव्हती, पोचलो तो थेट बाराव्याला. ते अजून सलतं. एक घागर अप्पांची. दुसरी, रस्त्यातल्या खड्ड्यांचा विचार करून जास्तीची, असं मी धरून चाललो.

कंडक्टरनं घागरी बघून बजावलं, "मांडीवर धरा भाऊ. फुटनी तं मी नही जानू."

दीड तास दोन घागरी मांडीवर घेऊन मी मनात वाक्यं जुळवत होतो.

आखाजीच्या दिवशी मायनं खापरावर पुरणपोळ्या केल्या, मी अप्पांची घागर भरली. जेवणं झाली. आमरसावर आमरस झाला, तरी माझं तोंड काही उघडेना. शेवटी मीच कोपऱ्यातली घागर बघून म्हणालो, ही उरली की.

"उरनी नही," माय म्हणाली. "ती तू लई जाय. पुढली आखाजीले तठेच भरजो. तुन्ही बायको तठे, पोरे तठे. मंग बाप आठे येकला काय करी?"

अप्पांची घागर यापुढं मी मस्कतलाच भरायची, असं ती सांगत होती. सहा वर्षांची माझी थापेबाजी तिनं केव्हाच ओळखली होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पदरानं हात पुसत ती पुढं म्हणाली, "आनि मी गऊ का मन्ही बी तठेच भरजो."

मातीची घागर न्यायची असेल तर सामानात देऊ नका, मांडीवर घ्या. विमानतळावर ती उलटी करून दाखवावी लागली, एवढंच.

मस्कतमधला आमचा फ्लॅट भाड्याचा, राहण्याचा परवाना दर दोन वर्षांनी नव्यानं काढायचा. पुढच्या आखाजीला खरबूज इथल्याच बाजारात मिळालं. नळाचं पाणी समुद्राचं गोड केलेलं. अप्पांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता. घागर ओट्यावर ठेवली आणि त्या दिवसापासून मी त्या जागेला 'फ्लॅट' म्हणणं सोडलं.

काही वर्षांनी मायच्या नावाची घागर आणायला मी पुन्हा पाचोऱ्याला उतरलो. आता आमच्या ओट्यावर दोन भरतात.