आमच्या बोडीखालून बोगदा नाही म्हणजे नाही

बायांनो, आज मी लय खुश आहो! मोबाईलवर लिहाले नातीनं शिकवलं, चुकलं तं समजून घ्या.

आमच्या वावराले लागून खाण आहे. तिच्या मालकाले आमच्या बोडीखालून बोगदा काढाचा आहे. बोडी म्हणजे वावरातलं तळं, आमच्या धानाले पाणी तिचंच. सासूबाई तिच्यात शिंगाडे लावत, काय गोड लागत! जाऊ द्या, भरकटली मी. खालून खोदलं तं पाणी राहीन का बोडीत?

आज ग्रामसभेत मालक म्हणे, "आजी, वरची जमीन तुमचीच राहीन. शेजाऱ्याले वावरातून पाणी नेऊ देता, मंग मले खालून काऊन नाही?"

मी उठली. "बाबू, शेजारी बांध फोडाच्या आधी दरवर्षी घरी येऊन विचारते. पाणी झालं का बांध नीट करून देते. तुहा बोगदा कोण बुजवन?"

बाया खदखदून हसल्या. तहसीलचे साहेबही मालकाले म्हणाले, "खाणीचा पट्टा तुमच्या हद्दीपुरताच आहे. यांची संमती लागेल."

"मंग संमती नाही," मी म्हटलं. बोगदा जिच्या वावराखालूनबी जाणार ते शेजारीण ओरडली, "माहीबी नाही!"

तो परत येईन. येऊ दे, मी इथंच आहो. तुमच्या वावराखालून कोणी रस्ता मागतला तं तुम्ही काय म्हणसान?