आबांची गाडी पलीकडच्या वळणावर का थांबायची

अर्धांगाच्या झटक्यानंतर आबांच्या उजव्या हातात हळूहळू ताकद परत येत होती. धुळ्याकडचं शेत काकांवर सोपवून ते आणि आई जळगावला माझ्याकडे राहायला आले होते. फिजिओथेरपिस्टने बोटांसाठी रबरी चेंडू दिला होता. जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला तो दाबत बसणं पटेना. चेंडू कपाटामागे गेला आणि आबांना काही केल्या आठवेना, की तो कसा गेला.

पुण्याचा भाऊ भेटायला आला तेव्हा त्याने मुलांचा जुना रेसिंग ट्रॅक आणला. प्लास्टिकचे तुकडे जोडून रस्ता करायचा, त्यात दोन खाचा, आणि खाचेतून दोन छोट्या मोटारी धावतात. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांतून गाडीला अडॅप्टरची वीज मिळते. हातात पिस्तुलासारखा घोडा. जितका दाबाल तितकी गाडी पळते. फिजिओथेरपिस्ट म्हणाला, चेंडूपेक्षा हे बरं.

दोन टेबलं जोडून आम्ही ट्रॅक मांडला. बाहेरची खाच आबांनी घेतली, आतली आईने. आईने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती, आणि ती रोज जिंकायची. तिची गाडी पलीकडच्या वळणावर जरा मंदावायची, पण निघायची. आबांची तिथे पोचताच धापा टाकायची आणि थांबायची. आबा दात आवळून घोडा दाबायचे, बोटं पांढरी पडायची, गाडी ढिम्म. मी ती पुढे ढकलायची, आणि पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

एका संध्याकाळी घोडा टेबलावर ठेवून ते आपल्या अहिराणीत म्हणाले, "मना हातमा दम नही ऱ्हायना."

दुसऱ्या दिवशी ते टेबलाकडे फिरकलेच नाहीत.

रविवारी दुपारी दोघं झोपलेले असताना मी एकटीच आबांच्या जागेवर बसले आणि त्यांचा घोडा पूर्ण दाबला. गाडी सुसाट निघाली आणि त्याच वळणावर मेली. मी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, तरी हलेना. मला ओरडून त्यांना उठवावंसं वाटलं, पण आधी ट्रॅक नीट करायचा, मगच सांगायचं, असं ठरवलं.

पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, काळं काळं निघालं. तुकड्यांचे ढिले सांधे पकडीने आवळले. आता गाडी वळणावर थांबत नव्हती, पण रांगत होती. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून वीज मोजायचा मीटर मागून आणला. अडॅप्टरपाशी वीज पुरेपूर होती, आणि जसजशी पुढे सरकले तसतसा आकडा उतरत गेला. पलीकडच्या वळणावर सगळ्यात कमी. प्रत्येक सांधा थोडी थोडी वीज खात होता.

हे मी रोजच पाहत होते, फक्त पाण्याच्या बाबतीत. माझी नोकरी शेतांसाठी ठिबकचे आराखडे काढायची. नळी फार लांब गेली की शेवटच्या झाडाला पाणी कमी मिळतं. तिथे कोणी पंपाला दोष देत नाही. जाड पाइपाने पुढच्या टोकाला वेगळं पाणी नेऊन देतात. इथेही तेच करायचं होतं.

दुकानातून जाड वायर आणली आणि सोल्डरिंग गनही मागून घेतली. अडॅप्टरजवळच्या तुकड्याच्या पट्ट्यांपासून टेबलाखालून वायरी नेऊन पलीकडच्या वळणाखाली सोल्डर करून जोडल्या. प्लास्टिक थोडं वितळलं, बोट भाजलं. घोडा दाबला तर अडॅप्टरचा दिवाच विझला. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्या सोडवल्या, प्रत्येक पट्टीवर बोट फिरवत तिची वायर तिलाच जोडली. पुन्हा मीटर लावला. पलीकडचा आकडा आता जवळजवळ अडॅप्टरपाशी होता तेवढाच. मी एकटीच हसले.

आबा चहाला उठले तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, "आबा, तुमच्या घोड्याने माझ्या हातूनही गाडी निघत नव्हती. वीज पोचत नव्हती तिथे."

ते टेबलाशी खुर्ची ओढून बसले आणि आईला हाक मारली.

सवयीने त्यांनी घोडा पूर्ण दाबला. गाडी पलीकडच्या वळणावर इतक्या वेगात गेली, की खाचेतून उडून थेट सोफ्याखाली. आई हसायला लागली. आबांनी गाडी मागितली, पुन्हा ठेवली. या वेळी वळणाआधी बोट सैल केलं, वळण सरलं की दाबलं. नांगरताना ओळीच्या शेवटी ट्रॅक्टर वळवताना जसं करायचे तसंच. तेच तर बोटांना शिकायचं होतं, दाबायचं आणि सोडायचंही. आईची गाडीही आता जोरात होती, त्यामुळे शर्यत खरी झाली. शेवटच्या फेरीत आबांनी तिला त्याच वळणावर मागे टाकलं.

त्यांनी घोडा खाली ठेवला नाही. उजवा हात वर धरून, उलटसुलट करून पाहिला.

"मना हात चांगला शे," ते आईला म्हणाले.

आई डोळे पुसत म्हणाली, उद्या बाहेरची खाच तिला हवी. आबा म्हणाले, घे. कोणत्याही खाचेतून ते जिंकणार होते.