श्रावणच्या पेटीतला हिरवा दुपट्टा

श्रावण गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. पलीकडे त्याची बायको शेवंता होती. "बाई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "श्रावण, पुरे कर. शेवंताचा आवाज काढून मले कायले फसवून राहिला?" पलीकडून रडणं ऐकू आलं, आणि ते शेवंताचंच होतं. माझा हा धाकटा भाऊ कधी तलाठी होऊन, कधी आमची मेलेली आत्या होऊन मला फोन करायचा. त्या दिवशी ज्यांना निरोप गेला त्यांतले बरेच जण आधी हसले, असं शेवंतानं नंतर सांगितलं.

श्रावण खडी गंमतीतला गंमत्या होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, तिथं भर दुपारी उभ्यानं हा खेळ होतो. शाहीर गातो, ढोलकी आणि तुणतुणं वाजतं, गंमत्या मध्ये तोंड घालून लोकांना हसवतो. आवाज काढायची खोड त्याला शाळेपासून. आधी जीभ टाळूला लावून एकदा टक् करायचा, मग गुरुजींच्या आवाजात बोलायचा. घरी आजोबांचा आवाज काढला, तेव्हा त्यांचा कुत्रा उठून दाराशी गेला. आजोबांना जाऊन तेव्हा महिना झाला होता.

पुढं तो मेलेल्या माणसांकडून गावाची कामं करून घ्यायला लागला. एका गावात रस्त्याच्या खड्ड्यात सायकलसकट पडून पोस्टमन मेला होता. श्रावणचा पोस्टमन त्याच खड्ड्यातून वर मान काढून येणाऱ्याजाणाऱ्याला पत्ते विचारायचा आणि सरपंचाला म्हणायचा, "तुमचं पत्र आहे जी, पण वर कसा येऊ?" लोक पोट धरून हसले, पण त्या वाटेनं एकटं जाईनासे झाले. खड्डा बुजला. ज्या मेलेल्याचा आवाज काढायचा, त्याचा एक कपडा श्रावण जवळ ठेवायचा. तो अंगावर घेतला की ते माणूस बोलायचं. काम झालं की श्रावण तो कपडा कारध्याला वैनगंगेत सोडायचा आणि तो आवाज पुन्हा काढायचा नाही. लोक म्हणायचे, त्याच्या अंगात येतं. आमच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून घरात भूत नाही आणि अंगात येणंही नाही. मी मानत नाही, तोही मानत नव्हता. "भूत नाही वं बाई, अर्ज आहे," तो म्हणायचा. "साहेब जित्याचा अर्ज वाचत नाही. मेलेल्याचा ऐकते."

माझी लेक रत्ना पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. आमचं गाव सानगडीपासून आत आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी भंडाऱ्याला न्यायला सांगितलं आणि दवाखान्याची गाडी बोलावली. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. रत्ना सकाळपासून विचारत होती, "आई वं, गाडी आली का?" दुपारीही तेच विचारलं. दिवे लागायच्या आधी तिचं विचारणं थांबलं. बाळही गेलं. गाडी एका पुढाऱ्याच्या सभेला गेली होती.

त्याच वर्षी मंडईला श्रावणची गंमत आमच्या गावात झाली. तो पुढारी पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. श्रावण म्हणाला, "साहेबाचा सत्कार गाडीत झाला, भाषण गाडीत झालं, झोपही गाडीतच झाली. मी म्हटलं, उतरा नं जी, आता बाईले जाऊ द्या." पुढारीसुद्धा हसला. मग श्रावणनं डोक्यावर हिरवा दुपट्टा घेतला. तो रत्नाचा होता. माझ्या दोरीवरून त्यानं कधी नेला, मला कळलंच नव्हतं. टक् झालं, आणि त्या मिशावाल्या माणसाच्या तोंडून माझी लेक म्हणाली, "आई वं, गाडी आली का?" ढोलकी थांबली. पुढारी उठून उभा राहिला आणि रस्त्याकडे पाहायला लागला, जणू गाडी येतच होती. मी घरी निघून आले.

उपकेंद्राला स्वतःची गाडी पुढच्या पोळ्याच्या आत मिळाली. श्रावणशी मी तीन वर्षं बोलले नाही. मग मीच त्याच्याकडे गेले. राग उतरला होता म्हणून नाही. रत्नाचा आवाज मला आठवेनासा झाला होता. "एक डाव काढ," मी म्हटलं.

"नाही बाई. तिचं काम झालं. दुपट्टा सोडला."

"मी माय आहे तिची."

"म्हणूनच नाही."

प्रत्येक भेटीत मी मागितलं, प्रत्येक भेटीत तो नाही म्हणाला. शेवटी घशाच्या दुखण्यानं त्याचा स्वतःचा आवाज गेला. तरी मी विचारलंच. त्यानं मान हलवूनच नाही म्हटलं...

श्रावणच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर शेवंतानं त्याची पेटी उघडली. तुणतुण्याखाली घडी घालून हिरवा दुपट्टा ठेवला होता. म्हणजे तो खोटं बोलला होता. मी म्हटलं, "सोडला नाही काहून?" शेवंता म्हणाली, "हे म्हणत, खड्डा एकडाव बुजवला की झालं. गाडीले रोज यावं लागते."

दुपट्टा घेऊन मी गावी आले. उपकेंद्राची गाडी धानाच्या रोवणीपासून मागच्या बाजूला उभी होती. ड्रायव्हर नव्हता, चाकांवर वेल चढला होता. ग्रामसभेत माझ्या पुढं शेजारची सून बसली होती, तिला आठवा महिना. मला सरपंचाला ड्रायव्हरचं विचारायचं होतं, बाकी काही ठरवलं नव्हतं. दुपट्टा डोक्यावर घेऊन मी उभी राहिले. तोंडात जीभ टाळूला लागून टक् झालं. मी ती लावली नव्हती. मग आवाज आला, "आई वं, गाडी आली का?" माझा घसा म्हाताऱ्या बाईचा आहे. हा आवाज तसा नव्हता.

सभेतल्या सगळ्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेजारची सून तेवढी माझ्याकडे पाहत होती. सरपंच हळू म्हणाला, "बसा काकू. लिहून घेतो."

इतकी वर्षं मागितलेला आवाज मिळाला, पण तो काही मला ऐकवण्यासाठी आला नव्हता. श्रावण मला नकार का देत होता, ते तेव्हा कळलं. ड्रायव्हर अजून आलेला नाही. दुपट्टा दाराजवळच्या खुंटीला आहे. घरात एकटी असले की हात तिकडे जातो, कधीकधी तोंडात टक् होतं... मी दात आवळते. पुढच्या ग्रामसभेपर्यंत तो तिथंच राहील.